आमच्या घरची प्रिन्सेस

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
१४ एप्रिल २००२

प्रिय नीलू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. दर रविवारी फोन होत असताना ताईला पत्राची हौस कुठून आली असं तुला वाटेल, तर फोनवर मी हे सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा जमलं नाही. फोनवर तू कुणाला अपराधी होऊच देत नाहीस. समोरचा जरा गंभीर झाला की 'जाऊ दे गं' म्हणतेस आणि पार्लरमधल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सुरू करतेस. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही. मे महिन्यात तू इशिताच्या पदवीदानासाठी येते आहेस आणि आमच्याकडे उतरते आहेस. वरची खोली मी रिकामी करून ठेवली आहे, नवा आरसासुद्धा लावला आहे, कारण आरशाशिवाय तुझं पान हलत नाही. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग ठरव, माझ्याकडे राहायचं की पिस्कॅटवेला लेकीच्या खोलीवर. तिच्याकडे राहिलीस तर मी का म्हणून विचारणार नाही.

गिरीशची नोकरी अजून आहे. एवढं सांगता आलं की इथे लोक हल्ली पुढचं काही विचारत नाहीत. सप्टेंबरनंतर त्याच्या ऑफिसातली अर्धी माणसं घरी बसली. हा अजून सकाळी प्रिन्स्टन जंक्शनला गाडी लावतो, न्यूयॉर्कला जातो आणि संध्याकाळी परत आला की आधी मला हाक मारतो. पूर्वी आधी टीव्ही लावायचा. इशिता बारीक झाली आहे, पण अभ्यासाने, काळजी करू नकोस. महिन्यातून एकदा मी तिला गाडीने घेऊन येते, वरण-भात खाऊ घालते आणि रात्रीच्या आत परत सोडते. तिच्या गप्पांत तू सारखी असतेस.

गेल्या मंगळवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी टीव्हीवर इंग्लंडच्या राजमातेची अंत्ययात्रा बघितली. एकशे एक वर्षांची होती. तिची धाकटी मुलगी, आपली मार्गारेट, फेब्रुवारीत गेली आणि तिच्यामागोमाग आई. काळ्या कपड्यांतली थोरली लेक, म्हणजे राणी, बघून मला बाबा आठवले. ते वाचनालयातून इंग्रजी साप्ताहिकं आणायचे, त्यात हमखास या धाकट्या राजकन्येचे फोटो असायचे. हातात लांब नळीत खोचलेली सिगारेट, रंगवलेले ओठ, आणि डोळ्यांत 'तुम्हाला काय करायचंय' असा भाव. बाबा मला 'राणीसरकार' म्हणायचे आणि तुला 'मार्गारेट'. माझाच मान मोठा आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. थोरलीला राज्य मिळतं खरं, पण माना वळतात त्या धाकटीकडे, हे मला माझ्या लग्नात कळलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा तुझा पत्ता नव्हता. तू आलीस अक्षता पडून गेल्यावर, मोरपिशी शालू नेसून, धापा टाकत आणि हसत, आणि अख्खा मांडव नवरीकडे पाठ करून तुझ्याकडे बघायला लागला. माझ्या अल्बममध्ये तो फोटो आहे. मी हार घालते आहे आणि मागचे सगळे पाहुणे भलतीकडेच बघताहेत.

त्या मार्गारेटवर मी गेल्या महिन्यात पुस्तकं वाचली. का वाचली ते पुढे सांगते. विलक्षण बाई होती. पियानोवर बसून गायला लागली की मैफिलीतलं कुणी उठायचं नाही. तसं उठायची सोयही नव्हती म्हणा, ती असेपर्यंत कुणी घरी जायचं नाही असा रिवाजच होता, आणि ती तर पहाटेपर्यंत बसायची. जिथे जेवायची त्याच घरच्या जेवणाला नावं ठेवायची. एका घटस्फोटित अधिकाऱ्यावर जीव जडला होता, त्याला घरासाठी आणि धर्मासाठी सोडलं, आणि पुढे स्वतःचाच घटस्फोट सगळ्या जगाने चघळला. शेवटी शेवटी चाकाच्या खुर्चीत, काळा चष्मा लावून बसलेली. तो फोटो बघवत नाही.

आणि तू. तुझ्याबद्दल खोटं कशाला लिहू? तू माणसांना ताटकळत ठेवतेस. तुझी जीभ फटकळ आहे. माझ्या सासूबाईंना तू भर पंगतीत विचारलं होतंस, की पडद्याचं कापड उरलं होतं म्हणून साडी केलीत का. त्या मरेपर्यंत ते विसरल्या नाहीत. माझ्या चांगल्या साड्या तुझ्याकडे गेल्या त्या परत आल्याच नाहीत. आपल्या बोलण्याने कुणाला लागलं हे तुझ्या गावीही नसतं. पण तूच संग्रामचं घर सोडून लहानग्या इशिताला घेऊन बाहेर पडलीस, धरमपेठेत पार्लर थाटलंस, आणि लोक काय म्हणतील असं मी विचारलं तेव्हा म्हणालीस, लोक नावं ठेवतील आणि मग फेशियलला येतील. तसंच झालं. मला इतका राग आला होता की मी हसलेसुद्धा नाही.

आता मूळ गोष्टीवर येते. आमच्या मराठी मंडळात मार्चमध्ये बायकांचा कार्यक्रम असतो, 'कर्तबगार स्त्रिया' नावाचा. शाळेचं कॅफेटेरिया घ्यायचं, प्रत्येकीने घरून एक पदार्थ आणायचा आणि काही जणींनी एकेका थोर स्त्रीवर बोलायचं. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई पहिल्याच दिवशी संपतात. शोभाचा, म्हणजे आमच्या अध्यक्षीणबाईंचा, फोन माझ्यापर्यंत आला तेव्हा कर्तबगार असं कुणी उरलंच नव्हतं. मार्गारेटची बातमी ताजी होती, मी तिचं नाव सांगितलं. शोभा म्हणाली, "अगं, पण तिने केलं काय? एनी वे, ग्लॅमरस आहे ना, चालेल. लंचनंतर सगळ्या पेंगतात, तेव्हा तुला ठेवते."

त्या दिवशी मी इशितालाही घेऊन गेले. पुरणपोळी मिळेल या आशेने ती आली आणि मागच्या टेबलावर कागदी ताटली घेऊन बसली. माझं भाषण सुरू झालं, पण खरंच सगळ्या पेंगत होत्या. सिगारेटची नळी, पियानो, दूरच्या बेटावरचा तिचा बंगला, कशाचं कुणाला काही नाही. कुणीतरी चमचे आवरायला लागलं. आणि नीलू, मला काय झालं कोण जाणे, मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, राजवाड्यात कशाला जायचं, आमच्या घरीच एक प्रिन्सेस आहे. सगळ्या एकदम सरसावून बसल्या. मग मी सुटलेच. मांडवातली उशिराची एंट्री सांगितली, पडद्याचं कापड सांगितलं, साड्या सांगितल्या. हशा पिकत गेला तशी माझी जीभ सैल होत गेली. इथे सहा वर्षांत माझ्या बोलण्यावर चाळीस बायका अशा कधी हसल्या नव्हत्या.

शेवटी मी आईच्या आजारपणावर आले. म्हटलं, आमची आई हॉस्पिटलात, हाताला सलाईन, आणि ही बाई रोज संध्याकाळी लिपस्टिक लावून, अत्तर फवारून, जरीची साडी नेसून, टाचा वाजवत वॉर्डात हजर. नर्सेसना कळेना, पेशंटकडे बघायचं की हिच्याकडे. मी टाचा वाजवून चालूनही दाखवलं. शोभाच्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी होतं. टाळ्या संपेपर्यंत इशिताची आठवणच मला राहिली नव्हती. आठवण झाली तेव्हा ती उठून ताटली कचऱ्यात टाकत होती. पोळी तशीच होती.

परतताना रूट वनवर ती खिडकीबाहेर बघत बसली होती. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "मावशी, तू काय भारी सांगितलंस यार. असं वाटलं, तू तिथेच होतीस." टोचून बोलली असती तर मी उलट बोलले असते. पण तिचा आवाज साधाच होता. पार्किंगमध्ये उतरताना मला 'थँक्स फॉर द राइड' म्हणाली, जे ती मला कधी म्हणत नाही.

मी तिथे नव्हते. पाच महिने आई त्या खाटेवर होती आणि पाचही महिने मी इथून उंटावरून शेळ्या हाकत होते. हे औषध विचार, तो डॉक्टर बदल, रिपोर्ट पाठव. ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलाय, देश सोडला तर परत येता येणार नाही, असं मी तुला, आईला, इशिताला, सगळ्यांना सांगितलं. अर्धं खरं होतं. वकिलाने सांगितलं होतं, आजारपणासाठी परवानगी मागता येते, बहुतेक मिळते. मी ती मागितली नाही. आईला तशी बघायचं धैर्य मला नव्हतं. तू तिथे आहेस हे माझ्या पथ्यावर पडलं. हे गिरीशलाही माहीत नाही.

काल गुढीपाडवा होता. मार्चचं भाषण इतकं गाजलं होतं की शोभाने मला पाडव्याच्या कार्यक्रमात सगळ्या मंडळासमोर तेच परत करायला सांगितलं होतं. मी नाही म्हणाले नाही. उभी राहिले आणि सांगितलं, की मागच्या वेळी मी एक गोष्ट गाळली होती. त्या आजारपणात मी गेले नव्हते. आईचं अंग पुसायला, केस विंचरायला, रात्री उशाशी बसायला माझी बहीण होती. मला वाटत होतं, हे बोलले की छातीवरचा दगड उतरेल. हॉलमधल्या एका काकांनी श्रीखंडाचं काय झालं म्हणून विचारलं. खाली उतरल्यावर शोभा माझा हात दाबून म्हणाली, "छान झालं गं, पण मागच्या वेळी जास्त मजा आली होती." आणि मग, "तुझी प्रिन्सेस मेमध्ये येतेय ना? आम्ही पॉटलक ठेवतोय तिच्यासाठी. आम्हाला बघायचीय ती." तेव्हा तुला आधीच सांगून ठेवते. तू इथे आलीस की बायका तुझ्या टाचांकडे बघून गालातल्या गालात हसतील. ते हसू मी पेरलेलं आहे आणि ते मला परत उपटता येत नाही.

आणि आता, नीलू, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. लिपस्टिक, जरीची साडी, टाचा, हे मी कुठून आणलं, असा प्रश्न तुला पडला असेल. मला ते आईने सांगितलं होतं. दर रविवारी मी फोन केला की आई स्वतःच्या दुखण्याबद्दल एक अक्षर बोलायची नाही. म्हणायची, आज नीलू मोरपिशी नेसून आली होती गं. आज ओठ असे लाल होते की नर्ससुद्धा बघत राहिल्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी विचारते, तुमची सिनेमातली मुलगी आज कधी येणार? आईचा आवाज किती खुललेला असायचा तेव्हा. तू तिच्यासाठी नटून जात होतीस, आणि आई तो नट्टापट्टा दर आठवड्याला माझ्यासाठी बाजूला काढून ठेवत होती, कारण मी बघायला येणार नव्हते. आईचे तेच शब्द मी इथे चाळीस बायकांना हसवायला वापरले. एक शब्द बदलला नाही, फक्त आवाज बदलला. आईला जाऊन दीड वर्ष होईल. इतक्या दिवसांत मी तुला हॉस्पिटलचं बिल विचारलं, कागदपत्रं विचारली, आईच्या बांगड्या कुणाकडे आहेत तेही विचारलं. शेवटच्या दिवशी ती कशी होती, काय म्हणाली, तू काय नेसली होतीस, हे एकदाही विचारलं नाही. आज विचारते आहे. कुठेही उतर, पण एक संध्याकाळ मला दे आणि ते सगळं सांग, मला लागेल असं असलं तरी सांग. नेवार्कच्या विमानतळावर मी बाहेर उभी असेन. तुला बाहेर यायला हवा तेवढा उशीर होऊ दे. मोरपिशी नेसून ये.

तुझीच,
ताई