झाकण उघडू नये

१८ जानेवारी, रवि.

पप्पांचं वजन ५०.८. मागच्या रविवारी ५१.४. डॉक्टरांनी सरळ सांगितलंय : सहा फेब्रुवारीला वजन करू, ४८च्या खाली गेलं तर अन्नासाठी पोटात नळी. गालाच्या ऑपरेशनला सात महिने झाले, रेडिएशन संपून चार. चावता येत नाही, लाळ नाही, तिखट तोंडाला लावता येत नाही.

जूनमध्ये आत्या गावाहून आली, तेव्हापासून स्वयंपाकघर तिचं. सकाळी पेज, दुपारी मऊ भात, रात्री पुन्हा पेज. प्रथिनं जवळपास शून्य. आज मी आत्याला तसं म्हणाले. म्हणाली, "मह्या भावाला म्या हातानं चारून वाढवलं. तू मागून आलीस." आई असती तर तिलाही हेच ऐकवलं असतं. आई असताना ऐकवलंच आहे.

रेश्मा कॅनडाला जाताना स्लो कुकर देऊन गेली. आमच्या प्लँटमध्ये, मापन विभागात, माझ्या शेजारी बसायची. विजेवर मंद तापणारं चिनी मातीचं भांडं, काचेचं झाकण, लो-हाय-वॉर्म. तिच्या अक्षरात एक कागद : चिकन अँड डम्पलिंग्ज. चिकन सहा तास लोवर, मग वर मैद्याचे गोळे, आणखी एक तास. झाकण उघडायचं नाही. चिकनचे धागे सुटतात, गोळे स्पंजसारखे होतात. पप्पांसाठीच लिहिल्यासारखं.

२१ जानेवारी, बुध.

घणसोली गावातून बोनलेस आणलं, मांडीचं, अर्धा किलो. कांदा, गाजर, बटाटा, मीठ, चिमूटभर मिरी, पाणी दोन कप. रजा टाकली होती. सकाळी ११ला सुरू.

आत्या ओट्याला टेकून बघत होती.
"हे कवा व्हनार?"
"सहाला."
"मायबाई. येवढ्यात लग्नाची पंगत उठंल."
"तुला जेवायला बोलावलेलं नाही."
"बोलवू बी नकोस. शेक घेतलेल्या मानसाला कोंबडी! उष्ण पडंल त्याला, मग पळ दवाखान्यात."

रेडिएशनला ती शेक म्हणते. सर्दीत विटेनं छाती शेकावी, तसं काहीतरी तिच्या डोक्यात आहे. समजावणं सोडून दिलंय.

संध्याकाळी चिकन रबरासारखं. गोळे मधोमध कच्चे. सात तासांनंतर हे शक्य नाही. पप्पांनी तीन चमचे घेतले, वाटी सरकवली. आत्यानं उरलेलं सगळं प्रेशर कुकरमध्ये ओतून तीन शिट्ट्या काढल्या. गोळे विरघळून खळ झाली. ती खळ स्वतः चपातीशी खाल्ली, माझ्याकडे बघत.

२५ जानेवारी, रवि.

वजन ५०.१.

आज भांड्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडला, लॉगरला जोडला. दोन्ही माझेच, जुने. दर मिनिटाला एक नोंद. सहा तासांचा आलेख : चार खड्डे. १२:१०, १:०५, १:५०, ३:२०. प्रत्येक खड्डा सात-आठ अंशांचा, भरून यायला वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे चार वेळा झाकण उघडलं. मी हॉलमध्ये लॅपटॉपवर होते, पप्पा माझ्यासमोर झोपलेले.

आलेख तिच्यापुढे धरला.
"हलवलं नाही तर बुडाला लागंल ना गं."
"लागत नाही. खालून आच नाहीये त्याला."
"आच नाही आन शिजतंय. बरं."
मग आलेखाकडे बोट करून : "मह्यावर मशीन लावलंस व्हय? चोर हाय का मी?"

लावलं होतंच.

पप्पा : पाच चमचे. चांगलंय का विचारलं. मान हलवली. कुठल्या दिशेला ते कळलं नाही.

२८ जानेवारी, बुध.

वजन ४९.८.

झाकणावर लेबल चिकटवलं : उघडू नये. सॉकेटच्या बटणावर चिकटपट्टी, तिच्यावर : बंद करू नये. आत्या कुठूनही बाहेर पडली की मागची सगळी बटणं बंद करते. फ्रिजचंही दोनदा केलंय. गावी शेजारचं घर वायर जळून गेलं, त्या गोष्टीला वीस वर्षं झाली, ती रोज नव्यानं सांगते.

लेबल वाचून म्हणाली, "चवथी शिकले मी. येतं मला वाचता. तुह्या बापाला साळंत म्याच नेऊन बसवलं. तवा त्याला कुनी चिठ्ठ्या चिटकवत नव्हतं."

आज मात्र गोळे टाकेपर्यंत एकही खड्डा नाही. सरळ रेघ, ९४ अंश. चिकन काट्यानं सुटत होतं. गोळे बरोबर : वरून कोरडे, आतून ओले, जिभेनं दाबले तरी तुटतील. सात महिन्यांत या घरात एक गोष्ट मोजल्याप्रमाणे झाली.

पप्पांनी दोन चमचे घेतले. म्हणाले, "बास." ऑपरेशननंतर त्यांचा स चा श होतो. बाश.

आत्या भांडी घासता घासता पुटपुटली, "आमचे शेंगोळे काय वाईट होते." कुळथाच्या पिठाच्या वळकट्या, आमटीत उकळलेल्या. तिनं ते केले तेव्हा त्यांच्या तोंडात लसणीनं आग झाली होती. आठवण करून दिली. तिनं काथ्या जोरात घासला.

१ फेब्रुवारी, रवि.

क्रमाने लिहिते.

प्लँटचं शटडाउन, म्हणजे वार्षिक दुरुस्ती, म्हणून रविवारीही ड्यूटी. सकाळी ६:३०ला चिकन लोवर लावलं. गोळे मी घरी आल्यावर टाकणार होते. आत्याची पौर्णिमा, दहाला विहारात जाणार. निघताना तिला तीन वेळा सांगितलं, बटणाला हात लावू नकोस. "हो माय, हो."

५:४०ला घरी. भांडं कोमट. बटण बंद. आत ३८ अंश. लॉगर : ११:५२ला घसरण सुरू. जवळपास सहा तास चिकन कोमट होत पडून. ते आजारी माणसाला देता येत नाही, कुणालाच देता येत नाही. सगळं कचऱ्यात.

आत्या देवळीतल्या तसबिरीपुढची मेणबत्ती खरवडत होती. पप्पा टीव्हीसमोर.
"बटण कुणी बंद केलं?"
ती आधी पप्पांकडे बघून मग माझ्याकडे वळली.
"म्याच."
"का?"
"केलं. काय करतीस ते कर."

मीही करायचं ते केलं. म्हणाले, त्यांना नळी लागली तर ती तुझ्यामुळे. म्हणाले, भावाला वाढवलंस, आता मारतेयस. म्हणाले, गावी जा. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आत्यानं पलंगाखालून बॅग ओढली. "सहा तारखेचं वजन बघते आन जाते. तवर तुही भाकरी खात नाही."
बॅग दाराशी ठेवली. रात्री खरंच जेवली नाही.

वजन ४९.२.

३ फेब्रुवारी, मंगळ.

वजन ४८.७.

आत्या स्वतःपुरता भात वेगळ्या पातेल्यात करते, पप्पांपुढे पेज ठेवते. मी त्यांच्यापुढे अंड्याचं पुडिंग ठेवते. दोन वाट्या शेजारी शेजारी. ते टीव्ही बघतात.

जेवणाच्या सुट्टीत फोनमधला कचरा साफ करत होते. आत्या रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवते, मी तिचं चॅट उघडत नाही. आज सगळे खोडायला उघडलं. त्यात रविवारचा एक फोटो. विहारात बायकांची रांग, पांढऱ्या साड्या, पुढून तिसरी आत्या. कुणाकडून तरी काढून घेतलेला. वेळ ११:४७, मागच्या भिंतीवरचं घड्याळही पावणेबारा दाखवतंय.

विहार गावठाणात. तिच्या चालीनं घर वीस मिनिटांवर.

बटण ११:५२ला.

लॉगरचं घड्याळ तपासलं. पुढे-मागे नाही.

घरात तेव्हा एकच माणूस होता.

रविवारीच वेळ माझ्यासमोर होती. ती वेळ कुणाशी जुळते ते बघितलं नाही. नाव आधी ठरलेलं होतं. प्लँटमध्ये ज्युनिअरनं असं केलं असतं तर त्याला रिपोर्ट परत लिहायला लावला असता.

४ फेब्रुवारी, बुध.

वजन ४८.५.

पप्पा अंघोळीला गेल्यावर मी स्वयंपाकघरात आत्याकडे गेले. फोटो दाखवला.
"तू घरात नव्हतीस."
"नव्हते."
"मग का म्हणालीस, मीच?"
"तुहं भांडन मह्यासंगं हाय. मह्यासंगंच राहू दे. त्याला काहून मधी घेतीस?"
"तुला कसं कळलं त्यांनीच केलं?"
"बटन बंद करून पट्टी परत नीट चिटकवली होती. कोपऱ्याला कोपरा. म्या केलं असतं तर फाडून फेकली असती."

खरं आहे. पप्पांची एकतीस वर्षं कारकुनी. मला ती पट्टी दिसलीच नव्हती.

मग म्हणाली, "तुह्या कोंबडीचं काय घेऊन बसलीस. मही पेज बी तो बेसिनात टाकतो. महिना झाला."
"आणि मला बोलली नाहीस?"
"तुला सांगून? तू बेसिनाला मशीन लावली असतीस."

मी माफी मागायला गेले होते. मागितली नाही. त्या वाक्यानंतर जमलं नाही.

संध्याकाळी पप्पांना विचारलं. आत्या बाहेर गेल्यावर. बटण का बंद केलंत?
त्यांनी नाकाकडे बोट केलं. "वाश."
"कसला?"
"शकाळपाशून तोच वाश. शहा ताश. पोटात कालवतं. खिडकी उघडली तरी जात नाही."

वन बीएचके. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये दारही नाही. चव गेली, नाक शाबूत. मी तापमान मोजलं, मऊपणा मोजला. चिकन दिवसभर शिजतं म्हणजे त्याचा वासही दिवसभर घरात राहतो, आणि एक माणूस त्या वासात पलंगावर पडून असतो, हे कागदावर नव्हतं.

"मग सांगायचं ना."
"कुणाला? ती पेज घेऊन उभी. तू वाटी घेऊन उभी. मी खाल्लं की एक जिंकते."
"असं नाहीये."
"नळी बशवा," म्हणाले. "निदान तोंड तरी माझं राहील."

टीव्हीचा रिमोट मागितला. दिला.

५ फेब्रुवारी, गुरु.

वजन ४८.२. उद्या सकाळी नऊला दवाखाना. त्यांचा काटा आणि आपला काटा यांत किती फरक, माहीत नाही.

आजही रजा. पहाटे पाचला कुकर बाल्कनीत लावला, एक्स्टेन्शन ओढून, मधलं सरकतं दार बंद, फटीत ओला टॉवेल. आत्या उठून आली. दुसरा टॉवेल आणून वरच्या फटीत कोंबला. मी म्हटलं, वर गरज नाही. म्हणाली, "वास वरूनच येतो. शिकलीस ना?"

अकराला गोळे टाकले. मी मैद्यात दूध ओतताना आत्या म्हणाली, लई सैल झालं. मी म्हटलं, बरोबर आहे. बाराला बंद. मग सगळं फ्रिजमध्ये गार केलं. गार अन्नाला वास कमी. हे काल वाचलं, सात महिन्यांपूर्वी वाचायला हवं होतं.

चारला छोट्या वाटीत दोन गोळे, थोडं चिकन, रस्सा. पप्पांच्या शेजारी स्टुलावर ठेवलं. खा म्हटलं नाही. आत्याला म्हटलं, चप्पल घाल. ती म्हणाली, कुठं? म्हटलं, खाली. तिनं वाटीकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा माझं ऐकलं. वाद घालतच ऐकलं.

बिल्डिंगखाली बाकावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पाऊण तास.
"रविवारी मला काय बोललीस, ध्यानात हाय मह्या," ती म्हणाली.
"माझ्याही."
"जनमभर राहनार."
"राहू दे."
वॉचमन आला, विचारलं, किल्ली विसरलात का? आत्या म्हणाली, "नाही रं बाबा. घरच्या मानसाला जरा सुखानं राहू दिलंय."

वर आलो. पप्पा कुशीवर, डोळे मिटलेले. स्टूल रिकामं. वाटी ओट्यावर, धुवून, उपडी. चमचाही धुतलेला.

म्हणजे काहीच कळत नाही.

आत्या सरळ बेसिनकडे गेली, जाळी उचलायला वाकली. मी तिचं मनगट धरलं.
"राहू दे."
"आगं बघू तर दे. कळंल तरी."
"राहू दे म्हटलं ना."
"तुला तर समदं मोजायचं असतं."
"आज नाही."

सोडवून घेईल असं वाटलं. घेतलं नाही. मग मीच नळ पूर्ण सोडला, जाळीवरून पाणी बराच वेळ वाहू दिलं. दोघी बघत उभ्या.

भांड्यात अजून चार गोळे आहेत. तिची बॅग दाराशी तशीच. तिनं विचारलं, उद्या दवाखान्यात तिनं यायचं का, की मी एकटीच पप्पांना नेणार. म्हटलं, त्यांना विचार.
"आन तो काहीच बोलला नाही तर?"