सासूबाईंचं धुण्याचं मशीन

८ ऑक्टो., बुध.
मशीन आज मधेच बंद पडलं. सतरा वर्षांचं, दोन टाक्यांचं, निम्मं काम आपल्यालाच लावणारं. घरातलं सगळं धुणं सासूबाई त्याच्यावर करतात. वय अठ्ठ्याहत्तर, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मी बँकेतून येते तेव्हा चादरीसुद्धा घड्या होऊन कपाटात. सुधीर म्हणतो, "पुरे आता, फुल्ली ऑटोमॅटिक आणू." आई : "सुम्ने, उगाच खर्च कशाला? शिवण्णाला बोलाव."

९ ऑक्टो., गुरु.
शिवण्णा मेकॅनिक आला. टाकीतली चक्ती हातानं दोनदा फिरवली, कान देऊन ऐकलं, मग खोलली. खालून निघालं काय, तर मूठभर अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या! दसऱ्यात आयुधपूजेला आईंनी मशीनची पूजा केली, झाकण उघडंच, सगळं आत. हसून हसून पोट दुखलं. सुधीर : "आई, नैवेद्यही आतच दाखवलास का?" आई हसल्या नाहीत.
गिअरबॉक्स मात्र खरंच झिजलाय. शिवण्णा : "नोडी अक्का, बघा, पार्ट मिळाला तर अजून पाच वर्षं. नाही मिळाला तर…" आणि हात जोडले. देवराज मोहल्ल्यातल्या दुकानांत विचारतो म्हणाला.

११ ऑक्टो., शनि.
तिघं दुकानात. नवीन मशीन देखणं, वरती सपाट काच, नुसतं बोट टेकवायचं. आई काचेवरून बोटं फिरवत राहिल्या. इकडून तिकडे, परत. "छान आहे," म्हणाल्या. मग हळूच मला, "ह्याला बटणं कुठे गं?"
बटणं समोर होती. निळी, लखलखीत, रुपयाएवढी.
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्षतांवर हसले होते ते आठवून माझी मलाच लाज वाटली.

१२ ऑक्टो., रवि.
सुधीर भाजीला गेल्यावर सरळ विचारलं, कधीपासून दिसत नाही?
"अगदीच नाही असं नाही. धूसर. झालं वर्ष-दीड."
मशीनचे खटके मोजून चालवतात! रोजच्या कपड्यांना तीन, चादरींना पाच. सुधीरचे शर्ट कॉलरवरून, माझे ब्लाउज हुकांवरून. नवं कापड बोटाला खरखरीत लागतं, म्हणून ते वेगळं भिजवायचं. दीड वर्षात एका कपड्याला डाग नाही. मी चांगले डोळे असून सुधीरचे दोन बनियन गुलाबी करून ठेवले होते. धन्य ती बाई. वाकून नमस्कार केला, अगदी मनापासून.
"अगं ऊठ, काय हे. सुधीरला सांगू नको, आय्ता? कळलं ना?"
हो म्हटलं. म्हणायला नको होतं बहुतेक.

१४ ऑक्टो., मंगळ.
पार्ट मोहल्ल्यात नाही. कडकोळ गावात एकाकडे असलंच जुनं मशीन पडून आहे, त्यातला काढून मिळतो का बघतो, असा शिवण्णाचा फोन. नवीन घ्यायचं की नाही, ते दुकानवाल्याला उद्या कळवायचंय.
आईंना म्हटलं, डोळे दाखवू, मोतीबिंदू असेल, हल्ली त्याचं काही वाटत नाही.
म्हणाल्या, "दाखवू की. पण आधी मशीन होऊ दे. डॉक्टर म्हणाला आता उपाय नाही, तर मला नुसतं बसवून ठेवाल गं तुम्ही."
मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.
सुधीर हॉलमधून विचारतोय, दुकानवाल्याला काय सांगू? दुसऱ्यांदा विचारतोय.