यादीत ‘स्वतः’ नव्हतं

६ जाने.
जमलं एकदाचं. बाळापूरच्या आमच्या महिला संघातर्फे बायकांना हळद दळायच्या चक्क्या मिळणार आहेत, त्या अर्जांचा ऑनलाइन फॉर्म मी करतेय. व्हिडिओ बघून बघून. वर वसमत तालुका निवडला की खाली वसमतचीच गावं दिसतात, कळमनुरीची गायब. आज दुसरी जोडीही बसवली. ‘विवाहित’ निवडलं की कुटुंबप्रमुखाच्या यादीत पती, सासरा. ‘अविवाहित’ला वडील, भाऊ. ‘विधवा’ला मुलगा, सासरा, दीर. हे असते तर त्यांनी दोनदा दाबून बघितलं असतं. ह्यांचाच चष्मा लावून बसते अजून.

९ जाने.
तपासायला पहिला अर्ज माझाच भरला. विधवा. मुलगा. राहुलचं नाव, पुण्याचा नंबर. बराबर चाललं.

१७ जाने.
विहारात दिवसभर अर्ज. रांग दारापर्यंत. कौसाबाई आली. विधवा, एकटी राहते, मूलबाळ नाही, सासरा कधीच वारला.
“ताई, ह्यात मी कुठं हाय?”
“वर लिहिलंय की तुमचं नाव.”
“वर न्हाई, इथं. घरात मी एकलीच. मग परमुख कोन, चूल?”
बायका हसल्या. मीही हसले. ती जागा रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे सरकत नाही, मीच तसं केलंय. म्हटलं, “दीर टाका. नुसतं नाव असतं.” दिराचा नंबर तिच्याकडे नव्हता, तो मीच मागच्या बाईकडून घेऊन टाकला.

२ मार्च
चक्क्या आल्या. गाडीवाल्याने प्रमुखाच्या नंबरावर फोन लावले. कौसाबाईची चक्की दिराच्या ओसरीवर उतरली. ती मागायला गेली तर म्हणाला, “कागदावर घरचा मोठा मी हाय.” भाऊ गेल्यावर वाटणी मागितली म्हणून हिला घराबाहेर काढणारा हाच. मला माहीत नव्हतं. पण तिच्याकडे नंबरही नाही म्हटल्यावर तरी...

३ मार्च
संघाची बैठक. संघाच्या अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, “शीलाताईंच्या फॉर्ममुळे एकही अर्ज अर्धवट राहिला नाही.” टाळ्या. कौसाबाई दाराशी बसलेली. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मान खाली घालून बसून राहिले. चहासुद्धा घेतला.

५ मार्च
यादी उघडली. विधवेच्या खाली ‘स्वतः’ घातलं. एवढंसं काम. पण आधी भरलेले अर्ज यादी बदलल्याने आपोआप बदलत नाहीत. कौसाबाईचा ‘दीर’ तसाच. माझा ‘मुलगा’ तसाच. राहुल दिवाळीला येतो. घर मी चालवते, हे गेल्यापासून. तरी यादी करताना काही राहिलंय असं वाटलंच नाही. पुस्तकं वाचते म्हणून मिरवते.

६ मार्च
मॅडमना सगळं सांगितलं. “आता वाटप झालंय. दिराने लेखी दिलं तर बघू.” तिथून कौसाबाईकडे. जयभीम म्हटलं, तिने पाणी दिलं.
“काहून आल्या?”
“चुकलं माझं.”
“दुसऱ्या कोन्या बाईकडून राहिलं असतं तर म्हणले असते, तिला काय ठावं. तुमाला बी सुचलं न्हाई?”
मी पेला खाली ठेवला.
“म्या म्हणलं, शिकलेल्या बाईनं केलंय, असंल काही कायदा.”
म्हटलं, उद्या दिराकडे जाऊ. तुमच्या मनात नसताना त्याचं नाव मी टाकायला लावलं, हे चार माणसांत सांगते. 
“तो घालूनपाडून बोलतो, ताई.”
“बोलू दे.”
निघताना दारातून विचारलं तिने, “तुमच्या अर्जावर परमुख कोन हाय?”
ऐकलं नाही असं दाखवून चालत सुटले.

७ मार्च
विहारात नेसायची पांढरी साडी काढली, परत ठेवली, रोजचीच नेसले. दिराच्या ओसरीवर काय बोलायचं ते मनात घोकतेय, दर वेळी पहिल्याच वाक्याला अडतेय. निघायच्या आधी माझा अर्ज उघडला. ‘मुलगा’वर बोट ठेवलं. यादी खाली उलगडली. राहुलला आधी विचारावं का, असं मनात आलं. आलंच.
बाहेर कौसाबाईची हाक. “ताई, येऊन राहिल्या ना?”