मामाजी, तुमची बोट पलीकडे गेली

प्रिय मामाजी,

'प्रिय' लिहिताना हात जरा अडखळला. सुनेनं सासऱ्याला 'तीर्थरूप' लिहायचं असतं. पण तीर्थरूप म्हटलं की मला पुन्हा डोक्यावरचा पदर सावरावासा वाटतो, आणि आज मला पदर सावरत बसायचं नाही. म्हणून प्रिय.

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. पिंड ठेवले, पानं वाढली, सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. चाळीस वर्षं देऊळगाव राजात जळालेल्या मोटरींची तार दुकानात नव्यानं भरून दिली, कुणाची मोटर अडवली नाही, वगैरे. पण तुम्हाला जे ऐकायचं होतं ते कुणीच सांगितलं नाही. कारण ते घडलंच आज सकाळी. तुमची बोट पलीकडे गेली, मामाजी! दोरी घेऊन गेली!

थांबा, सगळं नीट सांगते. तुम्हाला अर्धवट सांगितलेलं कधीच चाललं नाही. गिऱ्हाईक "मोटर बंद पडली" म्हणालं की तुम्ही विचारायचा, आधी आवाज आला का, मग वास आला का?

बोटीचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं ते मंगलाबाईंमुळे. आपल्या शेडनेटमध्ये संकरित बियाण्यासाठी मिरचीच्या फुलांना हातानं पराग लावायला येणाऱ्या बायांमधली ती सगळ्यात चपळ. कॅन भरायला शेततळ्यावर गेली आणि तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या पन्नीवरून घसरली. ती काळी पन्नी ओली झाली की तिच्यावर पाय ठरत नाही, हे तुम्हाला आणि मला त्या दिवशी डोळ्यांनी कळलं. ती वर यायला बघायची आणि घसरत पुन्हा मध्ये जायची. तुम्ही दोर फेकलात. पुरला नाही. परत फेकलात, परत पुरला नाही. तिसऱ्यांदा दोर गोळा करेपर्यंत ती दिसेनाशी झाली.

ते आपलं तळं होतं. ती पन्नी तुम्ही स्वतः उभं राहून अंथरून घेतली होती. मंगलाबाईंच्या तेराव्यानंतर आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, बुजवून टाका ते तळं. तुम्ही दुकानात निघून गेलात. चार दिवसांनी दुकानातून भंगार घरी यायला लागलं: फेकलेला दोर पुरत नाही तिथवर दोर घेऊन जाईल अशी बोट तुम्हाला बनवायची होती.

काय काय आणलंत हो! फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल. जुन्या व्हॅनचा रेडिएटरचा पंखा, मोटरीसकट. फवारणीच्या पंपाची बॅटरी. टेबल फॅनची जाळी, म्हणजे पात्यात कुणाची बोटं जायला नकोत. वाचवायला निघालेल्या बोटीनं बोटं कापायची नाहीत, हा तुमचा पहिला नियम. कुणाच्या तरी नातवाची मोडकी रिमोटची गाडी आणलीत आणि तिचं काळीज काढून बोटीत बसवलंत. हवा डावी-उजवी वळवायला मागे तुमच्या जुन्या स्कूटरच्या दोन नंबरप्लेटा. थर्माकोल भिजू नये म्हणून त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचं फ्लेक्स गुंडाळलंत. नेमका साहेबांचा हसरा चेहरा बुडाशी आला. "इतके दिवस चौकात लोंबकळत होते," तुम्ही म्हणालात, "आता पाण्यात जाऊन काही काम करतील."

गावानं कमी का चेष्टा केली? "बुढ्यानं जहाज काढलं" म्हणायचे. पाण्याखाली पंखा का नाही, असं एकानं विचारलं तेव्हा तुम्ही त्याला शेततळ्यावर नेलंत. शेवाळ, पाइप, फूटव्हॉल्व्हच्या दोऱ्या दाखवल्यात. खाली पंखा लावला तर दहा फुटांत गुंतून बसेल. म्हणून पंखा वर. हवेनं ढकलायचं आणि वरच्या वर सरकायचं. तो माणूस मान हलवत गेला. मला मात्र तेव्हा पटलं की हे म्हातारपणचं खेळणं नाही.

मग मीही तुमच्यासोबत बसायला लागले. आधी फक्त सोल्डरिंगचा धूर पदरानं वारायला. मग तारा सोलायला. मग तुम्ही रिमोट हातात दिलात.

आणि मग तो नाडा.

माणसाचं वजन पेलायचं तर जाड दोरच हवा, असं म्हणून तुम्ही विहिरीचा जुना नाडा बोटीला बांधलात. मामाजी, मी माहेरी विहिरीवर पाणी शेंदलंय. नाडा भिजला की दुप्पट जड होतो आणि खाली ओढतो, हे मला माहीत होतं. तुम्ही गाठ मारत होतात आणि मी शेजारी उभी राहून बघत होते. बोलले नाही. बोट तळ्याच्या मध्यावर गेली, मागून बसली, कलंडली आणि उलटी झाली. दोन महिन्यांचं काम, पंपाची बॅटरी, सगळं पाण्यात. साहेबांचा चेहरा तेवढा वर तरंगत राहिला.

तुम्ही बांधावर बसलात. चिडला नाहीत. माझ्याकडे बघून विचारलंत, "काऊन वं सूनबाई, नाडा भिजला का जड होते, हे तुले मालूम होतं ना?"

मी मान हलवली.

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमच्यापुढं कसं बोलणार, मामाजी?"

तुमचा जन्म सोनाळ्याचा. चाळीस वर्षं इथे राहूनही बोली बदलली नाही, गिऱ्हाइकं त्यावरून चिडवायची. त्याच बोलीत तुम्ही म्हणालात, "बोटीजवळ सासरा नाही अन् सून नाही बाप्पा. बोटीजवळ दोन मिस्तरी. एक चुकला तं दुसऱ्यानं म्हणाचं, चुकलं."

मला रडू फुटलं. तुम्हाला वाटलं, मी नाड्यासाठी रडतेय. तुम्ही पाण्याची बाटली पुढे केलीत. मी नाड्यासाठी रडत नव्हते.

आज सांगते. मंगलाबाई पाण्यात होती तेव्हा शेडनेटच्या कडेला पीव्हीसीचे पाइप पडले होते, वीस-वीस फुटांचे. दोन एकमेकांत घालून पाण्यावर ढकलले असते तर कदाचित पोचले असते. मला ते दिसले होते. बांधावर तुम्ही होतात, आठ-दहा पुरुष होते, सगळे ओरडत होते. मी म्हणाले, "ते पाइप..." पदरातल्या पदरात म्हणाले. कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले नाही. वेळेत पोचले असते का? माहीत नाही. पण मी ओरडले का नाही? तुम्ही नाड्याबद्दल विचारलंत आणि मला ऐकू आलं ते हे. तुम्ही होतात तोवर सांगायचा धीर झाला नाही. दोर पुरला नाही हे तुम्ही आधीच मनाला लावून घेतलं होतं, त्यात आणखी माझं ओझं कसं टाकायचं?

त्यानंतर तुम्ही बाजारातून निळी प्लास्टिकची दोरी आणलीत, पाण्यावर तरंगणारी. बोट पुन्हा बांधायला घेतलीत. आणि दिवाळी झाल्यावर एका सकाळी दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. समोर बोटीची मोटर उघडी पडलेली. असं अर्धं काम टाकून जातात का कुणी? तुम्हीच सांगा.

तुमचे चिरंजीव एसटीच्या ड्युटीवरून आले की गुपचूप बोटीकडे बघायचे आणि आत जायचे. एकदा म्हणाले, ठेवून देऊ माळ्यावर, बाबांची आठवण म्हणून. मी म्हटलं, आठवण बाबांची ठेवू, बोट पाण्यात जाईल. त्यांनी दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आणून ठेवली.

वर्षभर लागलं. आधी मी तळ्याला जाळीचं कुंपण केलं, चारही कोपऱ्यांत गाठी मारलेले दोर सोडले, हवा भरलेल्या दोन ट्यूब टांगल्या. मग बोट कशाला, असं लोकांनी विचारलंच. कोपऱ्यात पडलेल्याला दोर सापडेल. मध्ये गेलेल्याला काय? त्याच्यासाठी कुणीतरी उडी मारतं आणि मग दोघं जातात.

पंखा बसवला, नंबरप्लेटा सरळ केल्या. सगळ्यात जास्त वेळ माझा हात शिकायला गेला. काठ जवळ आला की मी घाबरून रेस सोडायची आणि बोट वळायचीच नाही, सरळ जाऊन धडकायची. पहिल्या बोटीच्या वेळी तुम्ही मला शंभरदा म्हणाला असाल, "भेली का रेस सोडतं तू. रेस सोडली का हवा गेली, हवा गेली का वळन कशी?" बरोबर आहे. ब्रेक नाही, पाण्यात वल्हं नाही. प्लेटांवर हवा येत राहिली तरच ती वळते. भीती वाटली की जास्त रेस द्यायची. हे हाताला कळायला माझे चार महिने गेले.

आणि आज सकाळी. बोट पलीकडे जाते एवढं पाहून भागणार नव्हतं, माणसापर्यंत पोचते का ते बघायचं होतं. म्हणून पाण्यात मी उतरले. अंगाभोवती ट्यूब, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक तुमच्या चिरंजीवांच्या हातात. त्यांचे दोन्ही हात अडकलेले. मग रिमोट कुणी धरायचा?

आत्याबाईंनी. हो, त्यांनीच! मीच आग्रह धरला. गरज पडेल तेव्हा काठावर कोण असेल ते आपण ठरवणार आहोत का? त्यांनी हात पदराला पुसले आणि रिमोट घेतला.

मध्यावर जायच्या आधी मी मुद्दाम पन्नीवरून वर यायचा प्रयत्न करून पाहिला. पायाखाली काहीच नाही, मामाजी. नुसती बुळबुळ. ट्यूब असूनसुद्धा मी कमरेचा दोर घट्ट धरला. मंगलाबाईंना ट्यूब नव्हती.

बोट निघाली, निळी दोरी मागे सोडत. वाऱ्यानं बोट डावीकडे ढकलली जाऊ लागली, पंपाच्या पाइपांच्या दिशेनं. आत्याबाई घाबरल्या आणि त्यांनी बटण सोडलं. पंख्याचा आवाज बसला. बोट माझ्यापासून हाताच्या अंतरावरून तशीच लांब जाऊ लागली.

मी ओरडले. या घरात आल्यापासून आवाज चढवला नव्हता, तो सगळा एकदम बाहेर आला. "आत्याबाई, रेस सोडू नका! दाबा! उजवीकडे घ्या अन् दाबून धरा!"

पंखा पुन्हा गरजला. बोट वळली आणि माझ्या खांद्यावर येऊन आदळली. मी दोरी दंडाला गुंडाळली. शेडनेटच्या तयारीला आलेल्या चार बायांनी ती ओढली आणि मी पन्नीवरून सरकत वर आले.

चहा पिताना आत्याबाई म्हणाल्या, "सासूवर वरडली तू आज."

मी कप खाली ठेवला.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "मी तं बटन सोडूनच देलं होतं."

ओढणाऱ्या चौघींमध्ये लीलाबाई होती, मंगलाबाईंची जाऊ. त्या दिवसापासून ती तळ्याकडे बघतसुद्धा नव्हती, पाणी दुसऱ्या कुणाकडून मागवायची. आज दोरीला पहिला हात तिनं लावला. नंतर किती तरी वेळ ती बोटीजवळ बसून होती. मी तिला त्या दिवशीच्या पीव्हीसी पाइपांचं सांगितलं. तिलाच आधी सांगायला हवं होतं, ते आज सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रागावली का, मला कळलं नाही. मग तिनं रिमोट उचलून माझ्यापुढे धरला.

"वहिनी, शिकतो मी. पण पाण्यात तूच उतरजो."

उद्यापासून शेडनेटचा हंगाम सुरू होतोय. बाराजणी येणार आहेत. मामाजी, तुम्हाला शब्द देते, फुलाला हात लावायच्या आधी प्रत्येकीनं बोट माझ्यापर्यंत आणायची, दोरी माझ्या हातात द्यायची आणि मला बाहेर ओढायचं. पहिली पाळी लीलाबाईची. ती म्हणाली तसं, पाण्यात मीच असेन. बाराजणींसाठी बारा वेळा उतरेन.

तुमची,
वंदना