आजोबांना काय द्यावं

दूधविनायक, वाराणसी
२० सप्टेंबर १९९५

प्रिय कुशलदादा,

तुझं पत्र आणि त्यासोबतची दोन तिकिटं मिळाली. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची शांत पुण्यात करायची, कार्यालय ठरलं, गुरुजी ठरले, हे वाचलं. शेवटी तू विचारतोस, की त्या दिवशी आमच्याकडून आजोबांना काय द्यावं, तू जवळ असतोस, तूच सुचव. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. काल छापखान्यात खिळे जुळवताना एका लग्नपत्रिकेत वधूच्या जागी वराचंच नाव बसवलं. मालक म्हणाले, "का गुरु, भांग छान के आयल हउवा?" भांग मी पीत नाही आणि माझ्या हातून अशी चूक होत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आधी तू आजवर आणलेल्या भेटवस्तूंची खुशाली कळवतो. गाणं वाजवणारं घड्याळ ऐन संध्येच्या वेळी वाजायचं, म्हणून आजोबांनी ते गोधडीत गुंडाळून कोठीच्या खोलीत ठेवलं. ते तिथेही बरेच महिने गात होतं. शेक घ्यायची विजेची पिशवी चांगली आहे, पण थंडीत संध्याकाळी इथे बिजली नसते. घडीची काठी माकडं हाकलायला होते, आणि आता माकडंही तिला भीत नाहीत. तू मनापासून आणलंस, याबद्दल शंका नाही. पण तू दुकानात जाऊन विचारतोस, आणि दुकानदाराला म्हातारी माणसं म्हणजे गुडघे दुखणारी, ऐकू न येणारी, एवढंच माहीत असतं. तुला त्याहून जास्त माहीत होतं. आई-बाबा गेल्यावर आपल्या दोघांना आजी-आजोबांनीच वाढवलं.

आजोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला तेव्हा तूही शिंदे घाटावर होतास. मरेपर्यंत काशीबाहेर पाऊल टाकणार नाही, असा संकल्प. आजोबांनी हातावरचं पाणी सोडलं आणि बाजूला बसलेल्या आजीने रीतीप्रमाणे त्यांच्या उजव्या हाताला हात लावला. त्यानंतर आजोबा गंगेपलीकडच्या रामनगरच्या रामलीलेला गेले नाहीत. दरवर्षी न चुकता जायचे, आठवतं ना? नावेत बसले तर मल्लाहाला सांगायचे, भैया, मझधार के इधर ही रखना. पलीकडे मेलेला गाढवाच्या जन्माला जातो, असं म्हणून स्वतःच हसायचे. आजीही कुठे गेली नाही. तिचा भाऊ सासवडला वारला, तेव्हासुद्धा नाही. हात लावला म्हणजे संकल्प दोघांचा, असं आजोबा म्हणाले होते.

मग तुझ्या बाळाच्या बारशाची तिकिटं आली, "दोघांना आरामासाठी आमची भेट" असं लिहून. आजोबा ती दिवसभर हातात घेऊन बसले. संध्याकाळी आजीला हाक मारून म्हणाले, "संकल्प माझा. तुझा नुसता हात लागला होता. तू जा." आजी म्हणाली, "इतकी वर्षं हे कुठे ठेवलं होतंत?" आणि ट्रंक काढायला आत गेली. दादा, या घरात कुणी कुणाला काही दिलेलं मी पाहिलं असेल, तर ते एवढंच. त्यासाठी त्यांना स्वतःचाच शब्द खोटा पाडावा लागला.

मी तिला पुण्याला तुझ्याकडे पोचवायला आलो होतो. तिच्यासाठी केलेल्या खोलीत पाळणा आधीच टांगलेला होता आणि तिच्या खाटेखाली दुपट्यांची चळत होती. मधुरावहिनींची रजा संपत आली होती. मी वहिनींना दोष देत नाही, त्यांची बँकेची नोकरी आहे. पण ती भेट कोणाला मिळाली, हे मला तेव्हाच कळलं, आणि मी चहा पिऊन परत आलो. बारसं होऊन बाळ आता उभं राहायला लागलं आहे.

दर सोमवारी आम्ही कोपऱ्यावरच्या पीसीओवर येतो, हे तुला माहीत आहे. आजोबा आत येत नाहीत, बाहेर उभे राहतात. आजी मला विचारते, यांचं पथ्य सांभाळतोस का, भात मऊ करतोस का. मग सांगते, इथे नळाला दिवसभर पाणी आहे, कुशलने सासवडला नेऊन आणलं, बाळ मला सोडून कोणाकडे जात नाही. तिचा आवाज आनंदी असतो. फोन ठेवल्यावर आजोबा विचारतात, कधी येते म्हणाली? मी म्हणतो, गर्मी संपली की. गर्मी संपली, पाऊसही संपत आला. आता ते विचारत नाहीत, नुसते माझ्या तोंडाकडे बघतात.

तुझी आताची तिकिटं मी लपवून ठेवली असती. पण पोस्टमनने पाकीट त्यांच्याच हातात दिलं. मला वाटलं, रागावतील, तुला चार शब्द लिहायला सांगतील. त्यांनी विचारलं, "शांतीला पाटावर शेजारी कोण बसणार? ती तिथे, मी इथे." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "जाऊ या." आज सकाळी माझ्याकडून पिशवी भरून घेतली. दोन धोतरं, पोथी, आणि तोंडाला लाख लावलेला गंगाजलाचा गडू. गडू खाली ठेवू नकोस, म्हणाले, वरच राहू दे, गाडीत वेळ आली तर पटकन हाताशी यायला हवा. आणि काशीची हद्द संपते त्या राजघाटच्या पुलावर गाडी आली की खिडकी लावून घे. पुण्याला लिहिताना हे सांगू नकोस, असंही म्हणाले.

म्हणून लिहितो आहे. तू हे पत्र एकट्याने वाचून ठेवून देऊ नकोस. आजीला समोर बसवून वाचून दाखव, गडूचं आणि खिडकीचंसुद्धा, काही गाळू नकोस. ती येते म्हणाली, तर तिला गाडीत बसव. शांत इथेच होईल, आणि तुमचं कार्यालय रिकामं राहील त्याला माझा इलाज नाही. ती येत नाही म्हणाली, तर तसं कळव. मग मी आजोबांना पुलावरून आणीन आणि सारी वाट गडू मांडीवर धरून बसेन. ती काय म्हणेल, हे मला ठाऊक नाही, आणि सोमवारी फोनवर विचारायचं धाडस होत नाही. पण उत्तर तिचं हवं, तिच्या वतीने दिलेलं तुझं नको. आजोबांना काय द्यावं म्हणून विचारलंस ना? एवढं द्या. बाकी काही आणू नकोस.

तुझाच धाकटा भाऊ,
ढुंढिराज