तनूचं मिशन आणि तुमचा अबोला

अहो,

आपल्या घरात ज्याला त्याला आपला धर्म निवडायचं स्वातंत्र्य आहे, असं जयंतीच्या दिवशी तुम्ही बुद्धविहारात माइकवर सांगितलंत आणि टाळ्या घेतल्यात. आता आपली तनू मॉर्मन चर्चच्या मिशनवर धर्मप्रचाराला निघाली, तर तुम्ही तिच्याशी बोलत नाही. तुमच्या आजोबांनी नागपुरात धर्म बदलला ती क्रांती, आणि तुमच्या मुलीनं इथे वॉटफर्डमध्ये बदलला ते खूळ?

मी बौद्धच राहणार आहे. पण मला आनंद झालाय, आणि तुमच्यासाठी मी तो लपवणार नाही. जिला कॉलेजसाठी हलवून उठवावं लागायचं, ती आता पहाटे आरशासमोर उभी राहून अनोळखी माणसांच्या दारात काय बोलायचं त्याची प्रॅक्टिस करते.

आम्ही दोघी तिला लांब स्कर्ट आणि चालायचे बूट घ्यायला गेलोय. वरण-भात मायक्रोवेव्हमध्ये आहे.

उद्या निघाली की दीड वर्ष ती घरी येणार नाही. आज तरी तिच्याशी बोला. कुठे पाठवलंय ते ती चर्चच्या पत्रातून वाचून दाखवत होती, तेव्हा तुम्ही ताडकन उठून गेलात. शिवाय विहारात सांगत सुटलात, पोरगी सातासमुद्रापार चालली म्हणून.

तिला इथून गाडीनं तीन तासांवर, लीड्सला पाठवलंय.

भावना