बजरंगरावांचं एक वाक्य

शनिवार पेठ, पुणे

तीर्थस्वरूप विमलआत्यास,
शर्मिलाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? लोणीत ऊन फार आहे का? रावसाहेबकाकांची तब्येत कशी आहे? (फोनवरच विचारलं असतं, पण तुझ्याशी बोलताना मला 'हॅलो'च्या पुढे कधी जाता आलेलं नाही, म्हणून हा कागद.)

परवाच्या व्याख्यानाचं काय झालं, असं विचारलं होतंस. आत्या, पार शोभा झाली. पक्षाघातानंतर काकांसारखी ज्यांची वाचा अडते, त्यांच्यावर आमचं सगळं संशोधन. डोकं शाबूत असतं, फक्त शब्द लवकर सापडत नाही. समोरचा थांबला तर पुष्कळदा तो शब्द येतो. एवढंच लोकांना सोप्या मराठीत सांगायचं होतं. अध्यक्ष शरच्चंद्रअण्णांनी माझी ओळख करून देण्यात निम्मा वेळ खाल्ला (त्यात ते स्वतःच्या मुंजीपर्यंत पोचले), तरी उरलेल्या वेळात मी सांगितलं, मध्ये शब्द पुरवू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्यात मान डोलली की समजावं, ऐकलेलं नाही.

मग बजरंगराव उठले. हडपसरचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, वाचा काकांसारखीच अडलेली. एकच वाक्य बोलणार होते, महिनाभर घोकलेलं: 'मला घाई करू नका.' ते 'मला' म्हणाले आणि थांबले. लगेच पहिल्या रांगेतून 'पाणी द्या' आलं, पाठोपाठ पाणीही आलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा 'मला' म्हणाले. उकडतंय त्यांना, असं ठरलं. पंखा लागला, माझी टिपणं उडाली. एका काकूंनी 'घरी जायचंय' असं ठामपणे जाहीर केलं, तर कुणीतरी रिक्षा बघायला धावलं. मी हातवारे करून सगळ्यांना थांबवत होते. त्याचा अर्थ अण्णांनी 'आवरा' असा घेतला आणि बजरंगरावांना शाल-नारळ देऊन खाली बसवलं. टाळ्यांचा कडकडाट. जाताना एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई, विषय आम्हाला समजला. त्यांनाच अजून समजलेला दिसत नाही."

मी जिन्यात बसून रडले. इतक्या वर्षांचं काम, आणि एका सभागृहाला घटकाभर गप्प बसवता आलं नाही! बजरंगराव नारळ सांभाळत शेजारी येऊन बसले आणि बऱ्याच वेळाने, रखवालदार किल्ल्या वाजवत उभा असताना, म्हणाले, "मला... घाई... करू नका." अख्खं वाक्य! ऐकायला मी आणि किल्ल्या. मग आणखी एक बोलले, "पुन्हा... येणार नाही." तेही अगदी स्वच्छ.

आता हे माझ्याच्याने व्हायचं नाही, असं वाटतंय. बाकी सर्व क्षेम.

तुझी,
शर्मिला

ता. क. पुढच्या रविवारी बुधवार पेठेत हेच व्याख्यान आहे आणि बोलायला माणूस नाही. काकांना घेऊन येशील? मात्र तू मागच्या रांगेत बस.

ता. क. २. मागच्या खेपेस काका मला काहीतरी सांगू लागले होते. 'मला' एवढंच म्हणाले आणि तू उपम्याची बशी आणलीस. त्यांनी मुकाट्याने खाल्ला. आत्या, काकांना उपमा कधीच आवडला नाही, हे मला तूच सांगितलं होतंस. त्यांना काय म्हणायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

ता. क. ३. हे पत्र त्यांना वाचून दाखव आणि येणार का, ते विचार. विचारून झालं की गप्प बस. तुझं उत्तर उशिरा आलं, तर मला फार आनंद होईल.